मुलांच्या हसण्याची जबाबदारी कोणाची?

कांजूरमार्ग पूर्वेला, रेल्वेच्या रुळांपासून फार दूर नसलेल्या आमच्या वस्तीत कार्यकर्त्यांनी चालविलेली एक लहानशी अभ्यासिका आहे. रविवारी संध्याकाळी तेथे पहिली ते सातवीची पंचवीस-तीस मुले जमतात. कोणाची आई घरकाम करते, कोणाचे वडील रिक्षा चालवितात, कोणाचे मनोऱ्यांच्या फाटकावर कंत्राटी पहारेकरी आहेत. मागच्या महिन्यात एका तरुण कार्यकर्त्याने भिंतीवर चादर ताणली आणि ‘कृष, तृष आणि बाल्टीबॉय’ ह्या कार्टूनमालिकेचा एक भाग मुलांना दाखविला. माकड, मांजर आणि गाढव असे तीन फिरस्ते कलावंत लोककथा सांगत हिंडतात, अशी तिची रचना. त्या भागात तीन कथा होत्या. एकीत सिंहाचे सिंहासन जाते, दुसरीत भाऊ भावाचा वारसा लाटतो आणि तिसरीत एका कारागिराची ठरलेली मजुरी बुडविली जाते. ही तिसरी चालू असताना मागे बसलेला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “आमच्या पप्पांचं पण अस्संच झालं!” सगळी खोली हसली. तोही हसला. त्याच्या वडिलांची दोन महिन्यांची मजुरी एका कंत्राटदाराकडे अडकलेली आहे, हे आम्हां मोठ्या माणसांना ठाऊक होते. आम्हांला मात्र चटकन हसू आले नाही.

तो हशा मला त्या दिवसापासून सोडीत नाही. कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर आपण पत्रके काढतो, मोर्चे नेतो. पण बापाची मजुरी बुडविणारा माणूस हसण्याजोगा असू शकतो, त्याला नुसते भ्यावयाचे नसते, ही गोष्ट त्या मुलाला एका गाढवाने काही मिनिटांत सांगितली होती.

ही मालिका कोणा बिस्किट-चॉकलेटवाल्याच्या पैशांवर निघालेली नव्हती. ती काढली बालचित्र समितीने, म्हणजे १९५५ साली केंद्र शासनाने स्थापन केलेल्या चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीने. मुंबईतील ग्राफिटी ह्या संस्थेचे मुंजाल श्रॉफ आणि तिलक शेट्टी हे तिचे दिग्दर्शक. २००९ साली आलेल्या पहिल्या संग्रहात राजस्थान, केरळ आणि पंजाब येथील कथा होत्या आणि प्रत्येक कथेची चित्रे त्या त्या प्रांताच्या चित्रशैलीतून घडविलेली होती. पुढे आणखी काही संग्रह निघाले आणि मग हात थांबला. ज्या देशात दर बारा कोसांवर भाषेबरोबर गोष्टही बदलते, तेथे अशा मालिकेचे संग्रह बोटांवर मोजण्याइतकेच निघावेत ह्याचे कारण गोष्टींच्या तुटवड्यात शोधून सापडणार नाही.

ह्या कामाची परंपरा तर आपल्याच मातीत जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्यांना पडद्यावर नाचविले. प्रभातने ‘जंबूकाका’ नावाचे छोटे व्यंगपट काढून पाहिले. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला तो अमेरिकन तांत्रिक साहाय्याने. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवावयास आले आणि १९५७ साली गो. कृ. गोखले प्रभृतींच्या हातून ‘द बनियन डिअर’ हा जातककथेवरचा पट बाहेर पडला. राम मोहन हे त्याच विभागात घडले. विजया मुळे आणि भीमसेन ह्यांचे ‘एक अनेक और एकता’ हे १९७४ चे पाखरांचे छोटे चित्र आज पन्नाशीच्या घरात असलेल्या कित्येकांना तोंडपाठ असेल. १९८६ साली दूरदर्शनवर सुद्धसत्त्व बसू ह्यांची ‘गायब आया’ ही भल्या भुताची मालिका आली. भारतीय दूरचित्रवाणीवरील ती पहिली कार्टूनमालिका समजली जाते. नावे आणखी देता येतील. परंतु त्यांची साखळी होत नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी कोणी एक हौशी अधिकारी आणि कोणी एक वेडा चित्रकार भेटतात, थोडे काम होते आणि विझते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी ह्या कामातील श्रम पाहावयास हवेत. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. सात मिनिटांची, गाढव घसरून पडण्याची गंमत हाताने काढावयाची तर ५,०४० चित्रे! आता संगणकाने पुष्कळ भार उचलला आहे हे खरे. तरी गाढवाने पडण्यापूर्वी क्षणभर कान कसे टवकारावे हे अजून माणसालाच ठरवावे लागते. विनोद त्या क्षणात असतो. हे एखाद्या वर्गात ऐकून येत नाही. दहा छोटी चित्रे करावी, त्यांतली सहा फसावी, तेव्हा कोठे हात बसतो. म्हणूनच जगात जेथे जेथे हा व्यवसाय रुजला, तेथे छोट्या विनोदी पटांचे संग्रह काढून नवशिक्यांना फसण्याची सोय कोणीतरी करून दिलेली आढळते.

सोव्हिएत संघात ही सोय १९६९ साली झाली. सोयुझमुल्टफिल्म ह्या सरकारी चित्रसंस्थेतील तरुण कलावंतांनी ‘व्हेसोलाया कारुसेल’, म्हणजे आनंदाचा चक्री पाळणा, ह्या नावाने मुलांसाठी मालिका सुरू केली. एकेका अंकात दोन-तीन मिनिटांचे काही पट. ज्यांना स्वतंत्र दिग्दर्शन कधी मिळाले नव्हते, त्यांना ते येथे मिळाले. त्या राजवटीत मोठ्यांच्या चित्रपटांवर केवढी नजर असे हे आपण जाणतो. मुलांच्या पाळण्यात मात्र थोडा मोकळा वारा शिरत होता. अमेरिकेत तेच काम १९९५ साली कार्टून नेटवर्क ह्या खाजगी वाहिनीने केले. ‘व्हॉट अ कार्टून!’ ह्या मालिकेत नवोदितांचे ४८ छोटे पट निघाले. मालिका दोन-तीन वर्षांत आटोपली. परंतु ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ आणि ‘पॉवरपफ गर्ल्स’ तिच्यातूनच जन्मास आली आणि कंपनीने त्यांच्यावर पुढे वर्षानुवर्षे धंदा केला. म्हणजे भांडवलदारालाही एवढे कळत होते की अल्पायुषी मालिका हा तोटा नव्हे, ती पेरणी असते. योगायोग असा की, ती वाहिनी भारतात आली तीही १९९५ सालीच. पेरणी तिकडे झाली. आपल्याकडे आला तो तयार माल.

आणि आपल्याकडून तिकडे गेले ते श्रम. कांजूरमार्गहून ठाण्याकडे पाठ करून दोन स्थानके गेले की घाटकोपर लागते. तेथे लाल बहादूर शास्त्री मार्गावर क्रेस्ट ह्या कंपनीचा स्टुडिओ होता. २००३ पासून अमेरिकेत ‘जेकर्स!’ नावाची एक गमतीदार मालिका दाखविली गेली. आयर्लंडमधील एका डुकराच्या बालपणीच्या खोड्या तीत आहेत. त्या डुकराला चालविले, पाडले, हसविले ते ह्या मुंबईकर मुला-मुलींनी. मालिका प्रक्षेपित करणारी पीबीएस ही अमेरिकेची सार्वजनिक वाहिनी, हे येथे मुद्दाम नोंदवितो. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातील सार्वजनिक वाहिनीला आपल्या मुलांच्या हसण्याची तजवीज करावीशी वाटली आणि ते काम घाटकोपरच्या हातांनी होऊ शकले. आमच्या सार्वजनिक वाहिनीचे कार्यालय वरळीला. घाटकोपर काही तिला आयर्लंडइतके दूर नव्हते.

ह्या धंद्यात उमेदवारी करणाऱ्या पोरांना मी थोडेफार ओळखतो. भांडुप-विक्रोळीच्या चाळींतून आलेली, चित्रकलेचे वेड असलेली. त्यांपैकी कित्येकांना कामाचा मोबदला सेकंदावर मिळतो. इतके सेकंद पुरे केले, इतके पैसे. काम आले की रात्रंदिवस, प्रकल्प संपला की घरी. पात्र दुसऱ्याचे, गोष्ट दुसऱ्याची, विनोदही बहुधा दुसऱ्याचा. एकेकाळी आमच्या कांजूरमार्गला क्रॉम्प्टनचा भोंगा वाजत होता, तेव्हा कामगाराला निदान आपण कामगार आहोत हे ठाऊक होते. त्या कारखान्याच्या जमिनीवर आज निवासी मनोरे उभे आहेत आणि संगणकापुढे पाठ मोडून घेणाऱ्या ह्या मुलांना ‘आर्टिस्ट’ म्हणतात. संघटना नाही, हजेरीपत्रक नाही. त्या कथेतला कारागीर ह्यांनीच रंगविलेला आहे. त्याची व्यथा त्यांना निराळी समजावून द्यावी लागली नसेल.

ह्या सर्वांना जो एक सार्वजनिक आधार होता तोही आता मोडीत निघाला आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फिल्म्स डिव्हिजन, बालचित्र समिती, चित्रपट महोत्सव संचालनालय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ह्यांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्याचे ठरविले. चित्रकर्मींनी विरोध केला, तरी मार्च २०२२ मध्ये ते अमलात आले. महामंडळ ही कंपनी आहे, आणि कंपनीला ताळेबंद असतो. जुनी समिती निर्दोष होती असे मी मुळीच म्हणणार नाही. तिने केलेली चित्रे डब्यांत पडून राहावीत हा तिचा जुनाच रोग. पवईच्या आयआयटीतील अध्यापिका शिल्पा रानडे ह्यांनी समितीसाठी ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा सुंदर कार्टूनपट केला. आमच्या स्थानकावरून रिक्षाने गेले की ही संस्था येते. तो पट २०१३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला आणि आपल्या चित्रगृहांत आला २०१९ साली! २०१३ साली सहा वर्षांचे असलेले मूल तोवर बारा वर्षांचे झाले होते. परंतु डबे उघडत नाहीत म्हणून कोठार विकावयाचे नसते.

माकड-मांजर-गाढवाचे पुढे काय झाले? ती परतली. २०२३ च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर आणि परदेशी ओटीटी वाहिन्यांवर त्यांची ‘भारत हैं हम’ ही ११ मिनिटांच्या ५२ भागांची नवी मालिका आली. ह्या वेळी निर्माता होता केंद्रीय संचार ब्युरो, म्हणजे शासनाचा प्रसिद्धी विभाग. आणि विषय होता स्वातंत्र्यलढ्यातील वीर. आदिवासी आणि स्त्री सेनानींची ओळख मुलांना व्हावी ह्याबद्दल आपला आक्षेप असण्याचे कारण नाही, उलट ते आपणच करावयाचे काम. परंतु मुलांच्या गंमतीसाठी पैसा नसतो आणि उपदेशासाठी तो निघतो, हा हिशेब पाहून ठेवावा. गाढवाने आयुष्यभर मास्तरकीच करावी असे कोठे आहे?

अर्थात ह्या बाबतीत आपले हातही स्वच्छ नाहीत. आपल्या चळवळीने मोठ्या माणसांसाठी हास्याचे शस्त्र किती धारदार केले! अण्णाभाऊंच्या लोकनाट्यांत सावकाराची, मालकाची, भोंदू पुढाऱ्याची जी रेवडी उडे, तिने कामगार मैदानावर हजारोंच्या सभा हलत. पण मुलांकडे वळताना आपला सूर बदलला. त्यांच्यासाठी आपण त्याग, सेवा आणि अश्रू राखून ठेवले. ‘श्यामची आई’ मी तीनदा वाचली आणि तीनदा रडलो. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले ते योग्यच मिळाले. तरी शिबिरांत मुलांना दरवर्षी रडवून परत पाठविणे हे काही संस्काराचे एकमेव साधन नव्हे. हसणारे मूल आपल्याला थोडे उथळ वाटत आले. मग ते हसावयास दुसरीकडे गेले, आणि तेथे दर दहा मिनिटांनी त्याला काही ना काही विकत घ्यावयास सांगणारा माणूस बसला होता.

एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, “अहो, इकडे कचराभूमीच्या वासाने माणसे रात्री झोपत नाहीत, झोपड्यांच्या पुनर्वसनात लोक संक्रमण शिबिरांत कुजताहेत, आणि तुम्ही कार्टून काय घेऊन बसलात?” त्यांचा राग मला मान्य आहे. पण त्याच वासात ती मुलेही झोपतात आणि त्यांच्या घरात गॅसपेक्षा आधी मोबाईल भरला जातो. त्या मोबाईलवर त्यांच्याशी कोण बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नानंतर घ्यावयाचा म्हटले तर तो कधीच घेतला जाणार नाही. भाषेचेही पाहा. सन टीव्हीच्या समूहाने तमिळ मुलांसाठी २००७ साली स्वतंत्र वाहिनी काढली. तेलुगू, कन्नड आणि मल्याळम मुलांनाही पुढील चार वर्षांत ती मिळाली. मराठी मुलांना २०२१ साली जी मिळाली, ती हैदराबादच्या एका समूहाने अनेक भाषांच्या जुडग्यात बांधून. मुंबईत बसून देशभरच्या मुलांना हसविणारी ‘मोटू पतलू’सारखी मालिका घडते, तीही हिंदीत. हिंदीशी वैर नाही. पण गोरेगावात बसलेल्या चित्रकाराच्या तोंडी कधीतरी त्याच्या आजीची म्हण यावी.

मागणी म्हणून एवढेच म्हणावयाचे आहे की, सह्याद्री वाहिनीने आठवड्यातून अर्धा तास द्यावा. अर्ध्या तासात सात मिनिटांचे तीन पट बसतात. पहिल्या वर्षी सगळे नवे नकोत, बारा नवे पुरेत, बाकी जुन्या डब्यांतले मराठीत आणून दाखवावेत. राज्य शासनाने त्या बारांचा खर्च उचलावा, पात्रांवरचा हक्क ती निर्माण करणाऱ्याकडे राहावा आणि सेकंदाचा दर लेखी ठरावा. बारांतले आठ फसतील. फसू द्यावेत. आपल्या आमदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा. तो हसण्यावारी नेला जाईल ह्याची खात्री आहे, तरी विचारावा.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता अभ्यासिकेत पुन्हा चादर लागेल. मुलांनी कारागिराचीच गोष्ट परत मागितली आहे. त्या मुलाच्या वडिलांनीही येतो म्हणून निरोप दिला आहे. पहारा सुटावयास उशीर झाला तर कार्यक्रम पंधरा मिनिटे थांबवावा असे आम्ही ठरविले आहे. आमचा प्रोजेक्टर मागून आणलेला आहे. ज्या शाखेकडे स्वतःचा असेल तिने कळवावे, म्हणजे भांडुपच्या साथींनाही एक रविवार देता येईल.