उणे विक्रीची चिप कंपनी

बदलापूरच्या बेलवलीतून सकाळची लोकल गाठून मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराची बचत आता केवळ बँकेच्या मुदत ठेवीत राहिलेली नाही. डिमॅट खाते मोबाइलवर उघडते, सल्ला गाडीतल्या गटातच मिळतो आणि त्या सल्ल्यात ‘चिप’ हा शब्द हमखास असतो. चिपच्या बाबतीत देश स्वावलंबी व्हावा, ही इच्छा रास्तच आहे. तिच्या आधारावर कोणते समभाग वर चढतात, हे मात्र तपासलेच पाहिजे.

आरआरपी सेमिकंडक्टर हे त्याचे ठळक उदाहरण. जी. डी. ट्रेडिंग अँड एजन्सीज या नावाने मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या एका अपरिचित कंपनीने २०२४ मध्ये हे नाव धारण केले. डिसेंबर २०२५ पर्यंतच्या वीस महिन्यांत तिचा समभाग ५५,००० टक्क्यांहून अधिक वाढला. लाखाचे साडेपाच कोटी व्हावेत, अशी ही वाढ. याच कंपनीच्या वार्षिक अहवालात पूर्णवेळ कर्मचारी होते अवघे दोन! अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत हजेरीपट पाहिलेल्या माणसाला एवढा एकच आकडा पुरेसा ठरावा. सप्टेंबर २०२५ अखेरच्या तिमाहीत तोटा तर होताच, विक्रीचा आकडाही उणे होता. चिपनिर्मिती अद्याप सुरू झालेली नाही, सरकारी योजनेसाठी अर्ज केलेला नाही आणि सचिन तेंडुलकर आपले भागधारक नाहीत, असा खुलासा कंपनीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये केला.

तोटा हा काही गुन्हा नव्हे. १९९९ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या मॉसचिपने तोट्याची अनेक वर्षे काढली आणि ती अलीकडे नफ्यात आली. तिच्याकडे अभियंते होते, आराखडे होते, ग्राहक होते. या धंद्यात पैसा आधी जातो आणि पुष्कळ उशिरा येतो. टाटांच्या धोलेरा प्रकल्पाचा खर्चच ९१,००० कोटी रुपयांचा आहे. म्हणून तोटा किती, यापेक्षा तो कशापायी झाला, हे महत्त्वाचे. संशोधन, यंत्रसामग्री आणि पगार यांवर झालेला तोटा वेगळा आणि व्यवहार रद्द झाल्याने झालेला वेगळा. विक्री उणे दिसते, ती बहुधा आधी नोंदविलेली विक्री मागे घ्यावी लागल्यामुळे, आणि तसे असेल तर मागील तिमाहींचे आकडेही नव्याने वाचावे लागतात. हाती असलेली रोकड आजच्या खर्चाने किती महिने पुरेल, विक्रीपैकी किती रक्कम प्रत्यक्ष वसूल झाली, नवे समभाग कोणाला आणि कोणत्या भावाने दिले, लेखापरीक्षकाने कोणता शेरा मारला, एवढे वाचायला सनदी लेखापाल असावे लागत नाही. वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. गाडीतल्या दीड तासात तो सहज चाळून होतो.

मग भाव चढला कसा? बहुतेक सर्व समभाग मूठभर हातांत असले, की बाजारात विकायला फारसे काही उरत नाही. थोड्याशा खरेदीनेही रोजची कमाल मर्यादा गाठली जाते आणि या समभागाने ती सलग १४९ सत्रे गाठली. ‘रोज वर जातो’ हे गुंतवणूकदाराला बळाचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात तो विक्रेत्यांचा दुष्काळ असतो. शेअर बाजाराने पुढे या समभागाचे व्यवहार आठवड्यातून एकाच दिवसापुरते मर्यादित केले आणि सेबीनेही चौकशी हाती घेतली, पण तोवर वाढीचा बराचसा भाग होऊन गेला होता. वर जाताना विक्रेता मिळत नव्हता, तसाच खाली येताना ग्राहक मिळत नाही, आणि तेव्हा शेवटी आलेल्या छोट्या गुंतवणूकदाराला आपला समभाग विकण्यासाठी आठवड्यातला तो एकच दिवस उरतो. नाव बदलून नव्या धंद्यात शिरणाऱ्या कंपनीकडून त्या धंद्यातील पहिल्या उत्पन्नाचा पुरावा बाजाराने नाव बदलण्याच्या दिवशीच का मागू नये, याचे उत्तर सेबीने द्यायचे आहे.