सुटकेच्या पुढचे पान

अपहरणातून जिवंत परतलेल्या माणसांच्या सत्यकथा वाचकाची झोप उडवतात. अशी हकीकत हाती आली की ती अर्धी ठेवून उठवत नाही. छातीत धडधडते, आपले मूल शाळेतून आले ना याची नजर पुन्हा एकदा खात्री करून घेते, आणि शेवटी सुटकेचे पान आले की डोळे भरून येतात. या अश्रूंच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, डोळे पुसल्यानंतर वाचकाच्या मनात काय उरते? नुसती भीती उरते, की पाहण्याची नवी दृष्टी मिळते?

नुसती भीती काय करू शकते याचा दाखला महाराष्ट्राला दूर शोधावा लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षा मागून पोट भरणारी होती. त्यांनी कोणाचेही मूल पळवलेले नव्हते. मारणाऱ्यांच्या मनात मात्र मुले पळवणाऱ्याचे एक चित्र आधीच तयार होते: परका, भटका, मळक्या कपड्यांतला, खांद्याला झोळी अडकवलेला. हे चित्र आजीच्या धाकातून आले आणि मोबाइलवरच्या निनावी संदेशांनी ते गडद केले. खऱ्या हकिकतींनी ते कधीच पुसून टाकायला हवे होते.

कारण खऱ्या हकिकतींतला अपहरणकर्ता बहुधा असा दिसतच नाही. १९९० ते १९९६ या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिक परिसरातून लहान मुले पळवून चोऱ्यांसाठी त्यांचा वापर करणारी आणि त्यांतील काहींचे जीव घेणारी टोळी पकडली गेली, तेव्हा ती एक आई आणि तिच्या दोन मुली यांची निघाली. गर्दीत कडेवर मूल घेतलेल्या बाईचा संशय कोणाला येणार?

मुंबईतील अंधेरीच्या मुलीची हकीकत याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. २२ जानेवारी २०१३ रोजी सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली. तिला नेणारे एक निपुत्रिक जोडपे होते. पुढे त्यांना स्वतःचे मूल झाले आणि या मुलीच्या वाट्याला मारहाण व काम आले. ४ ऑगस्ट २०२२ रोजी ती आईला परत मिळाली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वडिलांची भेट मात्र व्हायची नव्हती. ते त्यापूर्वीच निवर्तले होते. सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी की, सापडली तेव्हा ती स्वतःच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहत होती.

डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्यासाठी ही मुलगी 'क्रमांक १६६' होती. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ मुलींचा शोध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. उरलेल्या एकीचे छायाचित्र निवृत्तीनंतरही ते जवळ बाळगून होते. तिची सुटका मात्र कोणत्याही धाडीत झाली नाही. ती दुसऱ्यांचे मूल सांभाळण्याच्या कामाला जाई. तेथे काम करणाऱ्या एका बाईने तिचे बोलणे ऐकून घेतले आणि त्यावर विश्वास ठेवला. इंटरनेटवर शोध घेताना ती हरवल्याचे जुने पत्रक सापडले. त्यावरचे इतर दूरध्वनी बंद पडले होते. एका शेजाऱ्याचा तेवढा चालू होता. नऊ वर्षांच्या काळोखाला एवढ्या दोन फटी पुरल्या: एका कामकरी बाईचा विश्वास आणि एका शेजाऱ्याने न बदललेला क्रमांक.

ही हकीकत वाचून आपण गहिवरतो. तथापि गहिवरामागून लगेच एक प्रश्न ओठांवर येतो, 'एवढी जवळ होती, तर पळाली का नाही?' हाच प्रश्न ऑस्ट्रियातील नताशा काम्पुश हिला जगाने विचारला. मार्च १९९८ मध्ये, दहा वर्षांची असताना, शाळेला जाताना तिचे अपहरण झाले आणि ऑगस्ट २००६ मध्ये ती स्वतः निसटली. तळघरातील त्या ३,०९६ दिवसांवर तिने २०१० साली पुस्तक लिहिले. त्यात तिने आपल्यावर लादलेला 'स्टॉकहोम मनोविकृती'चा शिक्का नाकारला. ज्याच्या हाती आपले अन्न, उजेड आणि श्वास आहेत त्याच्याशी जुळवून घेणे हा रोग नसून जगण्याची युक्ती असते, असे तिचे म्हणणे आहे. विचार केला तर ते पटते. सात वर्षांच्या मुलाला भिंतींची गरज नसते. 'बोललीस तर मारीन' हे एक वाक्य तुरुंगाएवढे पुरते. 'का पळाली नाही' असे विचारणारा वाचक नकळत पीडितेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्याकडे वळलेला आहे: तिला रोज पाहणाऱ्यांपैकी कोणी काही विचारले का नाही?

आमच्या चिंचपोकळी-लालबाग भागाला हा प्रश्न परका वाटू नये. १९२० साली स्थापन झालेल्या चिंचपोकळीच्या सार्वजनिक उत्सव मंडळापासून लालबागपर्यंत गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत माणसांचा पूर लोटतो. त्यात आईचा हात सुटलेले मूल दिसले की कोणीतरी त्याला उचलून मंडपाकडे नेतो. ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव आणि सदऱ्याचा रंग पुकारला जातो. क्षणभर प्रत्येकाची नजर मूर्तीवरून खाली, आपल्या पायांशी वळते. अनोळखी मुलाची जबाबदारी घेणे आपल्याला येत नाही असे नाही. ती आपण उत्सवापुरती घेतो. अकराव्या दिवसापासून शेजारच्या घरात धुणी-भांडी करणारी दहा वर्षांची पोर दिसली, तर 'गावाकडची असेल' म्हणून आपण पुढे जातो. चौदा वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवण्यास २००६ पासून बंदी आहे, हे ठाऊक असूनही. चाळीच्या गॅलरीत निदान येता-जाता चौकशी होई. ती नेहमी प्रेमाचीच असे असे नव्हे, पण होई. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत दार बंद झाले की ती सोयही संपते.

कोणी म्हणेल, असल्या हकिकती वाचूच नयेत; मने हळवी होतात, पालक मुलांना कोंडून ठेवतात. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते वाचनाच्या रीतीविषयी आहे. थरारासाठी वाचणारा सुटकेच्या पानाशी थांबतो. सांगणाऱ्याची कहाणी मात्र तेथे थांबत नाही. नऊ वर्षांनी परतलेल्या मुलीला आईची नव्याने ओळख करून घ्यावी लागते, राहिलेली शाळा गाठावी लागते, आणि बाहेर लोकांचे कुतूहल उभेच असते. अशा मुलांचे नाव, छायाचित्र, शाळा प्रसिद्ध करू नये असा दंडक २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. तो वृत्तपत्रांइतकाच वाचकांनीही पाळावा. आपल्या सहानुभूतीला त्या मुलीचा चेहरा पाहण्याचा हक्क पोचत नाही.

म्हणून या वाचनाचे फळ कृतीत दिसावे, आणि ती कृती लहान असली तरी चालेल. हजेरीपटावरचे एखादे नाव सलग आठवडाभर गैरहजर लागले तर शिक्षकाने ते खोडण्याआधी घर गाठावे. हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बजावले आहे. 'दोन दिवस वाट पाहा' असे सांगण्याची मुभा कोणत्याही टेबलामागच्या माणसाला राहिलेली नाही. विद्यार्थ्यांनी मुले पळवणाऱ्या टोळीचा निनावी संदेश पुढे पाठवण्यापूर्वी राईनपाडा आठवावा. आणि शंका आली तर १९९६ साली मुंबईतच सुरू झालेला १०९८ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा.

अंधेरीच्या त्या मुलीला जिने घर मिळवून दिले, तिने मूल सांभाळता सांभाळता शेजारच्या मुलीचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले, एवढेच केले. सत्यकथा वाचणाऱ्या आपल्यासारख्यांकडून याहून अधिक कोणी मागत नाही. परंतु याहून कमी करून आपल्याला हळवे म्हणवून घेता येणार नाही.