कर्नाकचे मेंढे परत पाठवा
कैरोचं रूप ठरवणाऱ्या कारभाऱ्यांना अनावृत पत्र

महोदय,



तुमच्या तहरीर चौकातले चार स्फिंक्स पाहून आल्यापासून मनाला जो सल लागला आहे, तो तुमच्या कानावर घातल्याशिवाय राहवत नाही.

धड सिंहाचं, डोकं मेंढ्याचं आणि हनुवटीखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये उभा एवढासा राजा. अमुन देवाने राजाला पाठीशी घातल्याचं वचनच त्या दगडात कोरलेलं आहे. हे चौघे कर्नाकच्या मंदिराच्या पहिल्या महाद्वाराआड, अमुनच्या अंगणात होते. प्राचीन काळी बांधकामासाठी तिथल्या मेंढ्यांना बाजूला सारलं होतं, हे मान्य. पण ते देवळाच्या आवारातच राहिले. तुम्ही 2020 मध्ये त्यांना सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर आणलंत आणि वाहनांच्या गराड्यात बसवलंत. मधोमध फारो दुसऱ्या रामसेसचा ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, तोही नाईलच्या मुखाकडच्या सान अल-हजरहून आणलेला. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या शिल्पांना एकत्र उभं करून तुम्ही चौक सजवलात. आता तो राजा कोणत्या देवाच्या आश्रयाला उभा आहे?

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की धोका तुम्हाला ठाऊक होता. रेल्वे स्थानकासमोर 1955 पासून उभा असलेला रामसेसचा भव्य पुतळा 2006 च्या ऑगस्टमध्ये तुम्हीच गीझाला हलवलात. गाड्यांचा धूर आणि जमिनीचे हादरे त्याला सोसवत नाहीत, असं तेव्हा सांगितलंत. त्याला निरोप द्यायला रात्री रस्त्यांवर लोक लोटले होते. तो पुतळा तर ग्रॅनाइटचा. हे मेंढे वालुकाश्माचे, त्याहून कितीतरी मऊ आणि सच्छिद्र. ग्रॅनाइटला जे बाधतं, ते यांना बाधणार नाही असं कोणत्या हिशेबाने ठरवलंत?

रोम, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमध्ये आमचे ओबेलिस्क चालतात, मग आमच्या चौकात का नकोत, असं तुमच्याकडून सांगितलं गेलं. पण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या ओबेलिस्कवरची अक्षरं झिजली, म्हणून 2011 मध्ये तुमच्याच पुरातत्त्व परिषदेच्या प्रमुखांनी त्या शहराला खडसावणारं पत्र धाडलं होतं. नीट सांभाळणार नसाल तर परत नेऊ, असं त्यात बजावलं होतं. तो न्याय कैरोला का नाही? तुमच्याच देशातल्या अभ्यासकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं, तरी तुम्ही बधला नाहीत.

कैरोने फारोंचा वारसा मिरवूच नये, असं मी म्हणत नाही. तो कसा मिरवावा हे तर तुमच्याच शहराने जगाला दाखवलं! शिल्पकार महमूद मुख्तार यांनी 1928 मध्ये ‘इजिप्तची जागृती’ हे शिल्प उभं केलं. उठू पाहणारा स्फिंक्स आणि शेजारी पदर दूर सारणारी शेतकरी स्त्री. ग्रॅनाइट अस्वानचा, पण ताजा कापलेला, पैसा लोकवर्गणीचाही. स्वातंत्र्यलढ्याचे नेते साद झगलूल यांची समाधी वास्तुकार मुस्तफा फहमी यांनी प्राचीन मंदिरासारखी बांधली, तीही नव्या दगडात. स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या पिढीने पूर्वजांकडून रूप घेतलं, पूर्वजांचं घर मोडलं नाही. ती परंपरा तुमच्या हाताशी असताना ही उचलेगिरी का?

आमच्या महाराष्ट्रात कितीतरी वीरगळ मूळ जागेवरून हलवून देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले दिसतात. वीर कुठे पडला, कशासाठी पडला, हे सांगणारा दगड तिथे मुका होतो. म्हणूनच तुमच्या चौकातलं हे दृश्य मला परक्याचं वाटत नाही.

1964 ची व्हेनिस सनद सांगते की वास्तू तिच्या परिसरापासून तोडू नये. तिच्या रक्षणासाठी अपरिहार्य असेल किंवा सर्वोच्च महत्त्वाचं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल तरच गोष्ट वेगळी. इथे तर सुरक्षित जागेवरून काढून तुम्ही त्यांना धुरात आणलंत.

माझी मागणी साधी आहे. चौघांनाही कर्नाकला पोहोचवा. तहरीरसाठी आजच्या इजिप्ती शिल्पकारांकडून नवी कलाकृती घडवून घ्या. मुख्तार यांच्या देशात ते हात नक्कीच आहेत. मेंढे स्वगृही निघाल्याची बातमी हेच मी या पत्राचं उत्तर मानेन.

आपली,
कर्नाकवर जीव जडलेली एक मराठी प्रवासी