गव्हावर गहू

रविवारी आमच्या कुकरनं शिट्टी म्हणून दिली नाही. झाकणाच्या कडेनं नुसती फुसफुस, आणि अर्ध्या तासानं उघडून बघतो तर डाळ डाळीच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी. हिनं झाकणातली रिंग काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी लोंबत होती. "नवी घेऊन या. आणि चालत जा, तेवढंच चालणं होईल."

मोबाइलवर का नाही मागवली, असं विचारणारी पत्रं येणार हे ठाऊक आहे. मागच्या खेपेला मागवली होती. ती झाकणापेक्षा बोटभर मोठी निघाली. सध्या नातू ती चाक म्हणून घरभर फिरवतो.

तर बाणेर रस्त्यावर निघालो. आमच्या गेटपासून चौकापर्यंत कॉफीची अकरा दुकानं लागली. कुत्र्यांच्या वाढदिवसाचे केक करणारं एक. फक्त भुवया कोरून देणारं एक. वाफाळलेले, तळलेले आणि तंदुरी मोमो एकाच हातगाडीवर. स्वयंपाकघराच्या वस्तूंचं एक काचेचं, गारेगार दुकान लागलं, म्हणून आशेनं आत शिरलो. तिथल्या मुलानं माझ्या हातातली रिंग नीट न्याहाळली आणि म्हणाला, "सर, रिंग नहीं मिलेगी. कुकर दे दूँ?" बटण तुटलं तर शर्ट घ्यावा, असा एकूण हिशेब.

आमच्या भागाची जन्मपत्रिका नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत क्रीडासंकुल उभं राहिलं. १९९७ मध्ये बाणेर-बालेवाडी महापालिकेत आली. पुढे हिंजवडीत संगणकवाले आले, त्यांना झोपायला जागा हवी होती, म्हणून ज्वारीच्या वावरांत इमारती उगवल्या. त्यातल्याच एकीत आम्ही. आता डोक्यावरून हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग गेला आहे आणि बालेवाडीत खाण्यापिण्याची एक हाय स्ट्रीटही आहे.

पेठांमध्ये आळ्या होत्या, त्या निदान खरं बोलायच्या. तांबट आळीत तांबट, बोहरी आळीत खिळ्यापासून सुतळीपर्यंत सगळं. त्या न्यायानं आमच्या रस्त्याला कॉफी आळी म्हणायला हवं, पण असल्या नावाखाली फ्लॅट खपत नाहीत. रिंगेसाठी बोहरी आळी गाठावी असं मनात आलंही. पण विद्यापीठ चौकातला पूल २०२० साली पाडल्यापासून त्या चौकानं माझी इतकी वर्षं खाल्ली आहेत की रबराच्या एका कड्यासाठी आणखी काही तास द्यायची तयारी नव्हती. मी पाय दुखतात म्हणून बाराव्या कॉफीच्या दुकानाबाहेर बसलो.

बसल्यावर लक्षात आलं, ही तर आपली गिरणी.

आता रिंग थोडी बाजूला ठेवू. आमच्या गल्लीत इथं पिठाची गिरणी होती. दळणाच्या डब्यांवर ऑइलपेंटनं आडनावं लिहिलेली असत, आणि एकाच आडनावाचे चार डबे असल्यामुळे आमच्यावर 'कुलकर्णी, दुसरा मजला' असं लिहिलं होतं. गुरुवारी वीज नाही म्हणून बंद, दगडाला टाकी लावायची म्हणून आणखी एखाद दिवस बंद. डबा ठेवून यायचा आणि संध्याकाळी आणायचा हे पुरुषांचं काम. दळण लक्ष ठेवून दळून घ्यायचं हे बायकांचं. कारण पुरुष 'आधी काय दळलं?' हे विचारत नाहीत.

सगळी गोम तिथेच. गव्हावर गहू चालतो, ज्वारीवर ज्वारी चालते. बाजरीवर गहू टाकला की पहिलं किलोभर पीठ काळसर आणि पोळ्या रुसलेल्या. उपासाची भाजणी घेऊन आलेली बाई तर दारातच उभी राहून आधीच्या दहा दळणांची चौकशी करायची. मग गिरणीवाले काका कापडी सोंडेला दोन थापट्या मारायचे, 'झटकली बघा' म्हणायचे, आणि तिचं समाधान होत नसे. हिनं एकदा फक्त आपल्याआधी ज्वारी होती म्हणून पाच जणींना पुढे सोडलं होतं. त्या दिवशी आम्ही रात्री पावभाजी खाल्ली.

तिथं आता दोनशे ऐंशी रुपयांची कॉफी. मेनूकार्ड नाही, टेबलावरच्या चौकटीला मोबाइल दाखवायचा. भिंतीचं प्लास्टर मुद्दाम खरवडून आतल्या विटा दाखवल्या आहेत. काकांच्या काळी तेच प्लास्टर आपोआप पडायचं, तेव्हा लोक नाकं मुरडत. मनात श्रद्धांजलीपर मजकूर तयार होऊ लागला. पहिला परिच्छेद झालाही होता, तेवढ्यात समोरच्या खुर्चीवर खुद्द काका येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट. भुवया काळ्या. त्या काळ्या आहेत हे मला इतक्या वर्षांत प्रथमच कळलं.

"भाड्याची तारीख," ते म्हणाले. न सांगता आतून त्यांच्यासाठी साधा चहा आला. मेनूत तो नाही.

मी हळहळलो. गिरणी गेली, गल्लीची रया गेली, वगैरे.

"तीस वर्सं पीठ खाल्लं साहेब, नाकातोंडातनं. आता भाडं खातो. खोकला गेला बघा." मग बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं, "तुमचं दळण आता कुठं असतं?"

मी म्हणालो, पाकीट आणतो.

"आन् त्याच्या आधी?"

त्याच्या आधी घरघंटी घेतली होती. गिरणी चालू असतानाच. आमच्या इमारतीत सात जणांनी घेतल्या, म्हणून आम्हीही. रात्री नऊला आठही घरं घरघरायची. ती आता बाल्कनीत आहे, तिच्यावर तुळस ठेवतो. हे सगळं मी काकांना सांगितलं नाही, पण त्यांना माहीत असावं.

"मग कुनाचं दळायचं होतं मी?" ते म्हणाले. रागानं नव्हे. चहा छान झाला होता.

विषय बदलावा म्हणून मी खिशातली रिंग काढली. ती पाहताच काका म्हणाले, "मिळंल की. रिंगवाला येतो ना सायकलवर, दर बुधवारी. गॅस, मिक्सर, कुकर, समदं करतो. तुमच्याच गेटावर उभा असतो."

"मग मला कधी दिसला नाही?"

"आत कुठं सोडत्यात? पाटी हाय ना."

पाटी आहे. 'फेरीवाले व विक्रेते यांना प्रवेश नाही.' नियमित वाचकांना आठवत असेल, सेक्रेटरी असताना ती मीच लावून घेतली होती. या सदरात तिच्यावर एक लेखही झाला होता, आणि मी त्यात पाटीच्या शुद्धलेखनाचं कौतुक करून घेतलं होतं.

बुधवारी दहा वाजता मी पाटीखाली जाऊन उभा राहिलो. सायकल आली. कॅरिअरला लाकडी खोकं, हँडलला रिंगांचा हा झुबका, काळ्या, पांढऱ्या, लहानमोठ्या.

"किती लिटर?" त्यानं विचारलं. "आतलं झाकण की बाहेरचं?"

मी घरी फोन लावला.