रेघांचा पूल, रिव्हेटांचा पूल

आधीच सांगून टाकतो. मी थर्ड इयर सिव्हिलचा विद्यार्थी, आणि गेलं जवळजवळ अख्खं सेमिस्टर मी प्लास्टिकचा रेल्वे पूल जोडत आणि रंगवत होतो. आमच्या विंगमध्ये याला 'खेळणं' असं नाव पडलंय. "जोडून झाला की सांग, गाडी पळवायला येतो," असं बऱ्याच जणांनी ऐकवलं. राग नाही. पण हा लेख त्यांच्यासाठीच आहे, आणि जमल्यास आपल्या विभागातल्या सर-मॅडमसाठीही. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक सिव्हिलवाल्याने असा एक तरी पूल स्वतःच्या हाताने जोडावा आणि (हे जास्त महत्त्वाचं) स्वतःच्या हाताने रंगवावा. तेही चोरून रात्री नव्हे, टर्मवर्कचे मार्क घेऊन!

आता हे किट म्हणजे नक्की काय? मॉडेल रेल्वेचा छंद युरोप-अमेरिकेत फार जुना. तिथे 'एचओ' नावाचं माप सगळ्यात जास्त चालतं, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं, तिथे जाऊन आलेल्यांना या वेडाची कल्पना असेल. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. सुट्टीला येताना त्याने माझ्यासाठी तिकडच्या १५० फुटी, सिंगल ट्रॅकच्या प्रॅट ट्रस पुलाचं किट आणलं. १५० फूट म्हणजे ४५.७ मीटर. ८७ ने भागा, साडेबावन्न सेंटिमीटर झाले. हॉस्टेलच्या टेबलावर आरामात मावतं, फक्त पुस्तकं पलंगावर न्यावी लागतात. (ती तशीही तिथेच असतात.)

खोक्यात तयार पूल नसतो बरं का. असतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि त्यांना चिंचा लगडाव्यात तसे लगडलेले पार्ट्स. एकेक कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा, साबणाच्या पाण्याने धुवायचा (साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही), आणि मग जोडायचा. जोडायला फेव्हिकॉल चालत नाही. पातळ सॉल्व्हंट लागतं. ते ब्रशच्या टोकाने सांध्याला लावलं की आपोआप फटीत शिरतं, दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवतं आणि एकजीव करतं. थोडक्यात, हे चिकटवणं नव्हे, वेल्डिंगच. वास मात्र उग्र, खिडकी उघडी ठेवूनच काम करावं.

इथपर्यंत ठीक. आता मुद्द्यावर येतो.

सेकंड इयरला आपण सगळेच ट्रस शिकलो. वहीत आपण ट्रस काढतो तो रेघांचा. रेघ म्हणजे मेंबर, रेघा भेटतात तो ठिपका म्हणजे जॉइंट. जॉइंटला पिन आहे असं 'समजायचं', बलं मांडायची, दोन समीकरणं, उत्तर, खाली डबल रेघ. प्रॅट ट्रसचं पेटंट १८४४ सालचं, टॉमस आणि केलेब प्रॅट या अमेरिकन बापलेकांचं. आपण पाठ काय करतो? "प्रॅटमध्ये तिरके मेंबर ताणात, उभे दाबात." व्हायवाला तेवढं पुरतं.

किट जोडताना पहिला धक्का बसतो तो इथे, की ठिपका नावाची गोष्टच नाही! ठिपक्याच्या जागी आहे एक पत्रा, गसेट प्लेट. त्याला आकार आहे, जाडी आहे, त्यावर रिव्हेटांच्या रांगा आहेत. चार-पाच मेंबर त्या एका पत्र्यावर येऊन विसावतात, आणि तो जरा तिरका बसला तर पुढचा मेंबर बसतच नाही. माझा निम्मा वेळ या पत्र्यांवर गेला. वहीत ज्याला पेन्सिलीचं टोक टेकवायला अर्धा सेकंद लागतो, त्याला टेबलावर एक संध्याकाळ लागते.

"मग काय बिघडलं? ते सोपं करून शिकवण्यासाठी असतं," असं कोणी म्हणेल. खरंय. पण अमेरिकेत मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवर १९६७ साली खुला झालेला हायवेचा एक मोठा स्टील ट्रस पूल होता. १ ऑगस्ट २००७ ला संध्याकाळच्या गर्दीत तो कोसळला. १३ माणसं गेली. चौकशीत काय निघालं? मेंबर नव्हे, काही गसेट प्लेट्स डिझाइनमध्येच पातळ धरल्या होत्या. अर्धा इंच होत्या, हव्या होत्या साधारण त्याच्या दुप्पट. पुढे वर्षानुवर्षं पुलावर वजन वाढत गेलं, त्या दिवशी दुरुस्तीचं सामानही वर रचलेलं होतं, आणि तो 'ठिपका' फाटला. चाळीस वर्षं त्या पुलावरून गाड्या जात होत्या!

दुसरी गंमत उभ्या मेंबरची. टोकाकडचा तिरका खांब वर जिथे संपतो, तिथून खाली येणारा पहिला उभा मेंबर किटमध्ये बाकीच्या उभ्यांपेक्षा किरकोळ निघाला. बाकीचे चांगले जाळीदार, दोन चॅनेल आणि मध्ये पट्ट्या, आणि हा बारकुडा. मी वही काढली आणि तो जॉइंट सोडवला. तो मेंबर दाबात नाहीच, ताणात आहे! खालचा क्रॉस गर्डर त्याला नुसता लटकलेला असतो. ताणातल्या मेंबरला वाकायची भीती नसते, म्हणून तो बारीक चालतो. "उभे दाबात" हे पाठांतर तिथे लागू पडत नाही, आणि हे मला सांगितलं एका प्लास्टिकच्या काडीने.

आता एक आक्षेप. "एवढा पूल बांधलास, वजन किती घेतो ते सांग." टेक फेस्टला आइसक्रीमच्या काड्यांचे पूल करून त्यावर विटा ठेवायची आपल्याला सवय, त्यामुळे हा प्रश्न येणारच. उत्तर असं, की या मॉडेलवर वजन ठेवून खऱ्या पुलाची ताकद कळत नाही. माप ८७ पट कमी केलं की मेंबरचा छेद ८७ च्या वर्गाने कमी होतो, पण स्वतःचं वजन ८७ च्या घनाने. म्हणजे एकाच मटेरियलमध्ये, स्वतःच्या वजनापुरतं बोलायचं तर, छोटा पूल ८७ पट 'पैलवान' ठरतो. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हेच मांडून ठेवलंय. ताकद मोजायची तर मॉडेल त्याच हेतूने करावं लागतं. वेल्समधला ब्रिटानिया रेल्वे पूल (१८५०) बांधण्याआधी फेअरबेर्नने त्याच्या लोखंडी पेटीचं एक षष्ठांश मापाचं, ७५ फूट गाळ्याचं मॉडेल केलं, मोडेपर्यंत वजन टांगलं, मोडलं तिथे मजबूत केलं, आणि पुन्हा मोडलं. तशा मॉडेलला माझा साष्टांग नमस्कार. पण आमचं किट वेगळ्या कामाचं. ते ताकद सांगत नाही, रचना सांगतं. कशावर काय टेकतं, काय आधी बसतं, पाणी कुठे साचतं, ब्रश कुठे पोचत नाही.

ब्रशचं नाव निघालं तर आता रंगाकडे येऊ. कारण रंगवणं म्हणजे शेवटी मारायची 'फिनिशिंग' असं आपण समजतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे.

मी रंगाची तयारी करत होतो तेव्हा हॉस्टेलच्या खिडक्यांचं रंगकाम चाललं होतं. तिथले रंगारी मामा डोकावले, पूल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आधी कडा अन् कोपरे मारा. मधलं काय, कुणीबी मारतंय."

मी विचारलं, "का हो मामा?"

"कडंवर रंग थांबत न्हाई, वढला जातो. गंज तिथनंच धरतो."

स्टीलच्या पुलांच्या रंगकामात हीच पद्धत असते. कडा, वेल्ड, रिव्हेटांची डोकी यांच्यावर आधी वेगळा हात मारायचा, मग सगळीकडे. इंग्रजीत त्याला 'स्ट्राइप कोट' म्हणतात. मामांनी ते दोन वाक्यांत शिकवलं.

मी पूल आपल्या रेल्वेसारखा रुपेरी रंगवला. अमेरिकन पूल बहुधा काळे असतात, पण म्हटलं, आता हा आपल्या टेबलावर आहे! हा रुपेरी रंग का असतो माहितीये? त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चपट्या खपल्या असतात. त्या माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक निजतात, त्यामुळे पाण्याला लोखंडापर्यंत पोचायला वळसे घेत जावं लागतं. वर ऊनही परतवतात. स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल (१८९०) हा रंगकामाचा महामेरू. न संपणाऱ्या कामाला इंग्रजीत 'फोर्थ ब्रिज रंगवणं' म्हणायची पद्धत त्याच्यावरूनच पडली. २००२ पासून त्याचे जुने थर पार धातूपर्यंत खरवडून नवा तीन थरांचा रंग दिला आणि डिसेंबर २०११ मध्ये काम संपवलं. तो निदान पंचवीस वर्षं टिकावा अशी अपेक्षा आहे. त्या रंगात काचेच्या खपल्या आहेत. तत्त्व तेच, खवल्यांचं!

रंगानंतर मॉडेलवाले मुद्दाम गंज चढवतात. मी गेरू आणि काळी रांगोळी वापरली, खर्च दहा रुपये. पण गंज कुठे लावायचा? मनाला येईल तिथे लावला तर पूल खोटा दिसतो. म्हणून विचार करावा लागतो, की पावसाचं पाणी पडल्यावर जाईल कुठे? गसेटच्या खोबणीत, स्लीपरखालच्या गर्डरच्या माथ्यावर, जाळीच्या पट्ट्यांमध्ये, बेअरिंगच्या बुडाशी माती साचते तिथे. बेअरिंगवर तर मी दहा मिनिटं थांबलो. एका टोकाला पूल पक्का, दुसऱ्या टोकाला रोलरवर मोकळा. ४५ मीटरचं स्टील ४० अंशांच्या फरकाने साधारण २२ मिलिमीटर लांबतं. तिथे गंज चढून रोलर अडकला तर ते २२ मिलिमीटर जाणार कुठे? म्हणून तिथे रंग नव्हे, वंगण. गेरूची चिमूट हातात धरून मी चक्क इन्स्पेक्शन करत होतो!

आणि हे खेळणं नाही. १५ जून २०२५ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. चार जण गेले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं. उद्या अशा पुलाखाली फाइल घेऊन उभे राहणारे आपणच आहोत ना? तेव्हा वहीतल्या रेघा उपयोगी पडतील, नक्की पडतील, पण रेघ कधी गंजत नाही. गंजतो तो कोपरा. आणि तो बघायची नजर आपल्याला चार वर्षांत कुठे मिळते?

"सॉफ्टवेअर आहे की!" आहे, आणि शिकायलाच हवं. पण स्टॅडमध्येही जॉइंट हा ठिपकाच असतो. "महाग आहे." परदेशी किट महाग आहे हे मान्य. पण माउंट बोर्ड, कटर आणि पॉलिस्टर पुट्टीवर तोच पूल उभा राहतो, फक्त पार्ट्स स्वतः काढावे लागतात, म्हणजे उलट फायदाच. "किटमध्ये तुमचं स्वतःचं काय?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण तो विचारणाऱ्यांपैकी काहींची फायनल इयरची प्रोजेक्ट्स कुठल्या दुकानातून बायंडिंगसकट येतात ते सगळ्या हॉस्टेलला ठाऊक आहे. किट निदान जोडावं तरी लागतं.

म्हणून सरांना विनंती. स्ट्रक्चर्सच्या टर्मवर्कमधली एक शीट कमी करा. चौघांत मिळून एक पूल द्या. जॉइंट सोडवायचे, गसेट कापायचे, जोडायचं, रंगवायचं आणि गंज कुठे धरेल ते खुणा करून दाखवायचं. व्हायवा त्या पुलावरच घ्या. आणि एक दिवस रंगारी मामांना लेक्चरला बोलवा, मानधन देऊन.

बाकी, माझा पूल रूममध्ये खिडकीपाशी ठेवलाय. बघायला कधीही या. मामांसारखा उलटसुलट करून बघा, आणि मी कुठला कोपरा कोरडा ठेवलाय तो शोधून दाखवा. सापडला तर चहा माझ्याकडून!

— तृतीय वर्ष, स्थापत्य