‘केसरिया बालम’ची कथा

जयपूरला जाऊन आलेल्या वाचकांनी ‘केसरिया बालम’ हे गीत कोठे ना कोठे ऐकले असेलच. पाहुण्यांच्या स्वागतासाठी ते तेथे आवर्जून गायिले जाते. वास्तविक हे स्वागतगीत नव्हेच. ती विरहिणीची हाक आहे.

लोकपरंपरा त्याचा संबंध ढोला-मारूच्या कथेशी जोडते. पूगळची मारू आणि नरवरचा ढोला यांचा विवाह बालपणीच झाला. पुढे ढोला तो विसरला व त्याने मालवणीशी लग्न केले. (ही मालवणी माळव्याची, आपल्या कोकणाशी तिचा संबंध नाही!) मारूने धाडलेले दूत मालवणी वाटेतच अडवी. अखेर मारूने गाणारे याचक पाठविले. त्यांचा संशय कोणास येणार? निरोप गाण्यातूनच पोहोचला.

मांड गायकीतील हे गीत सर्वदूर नेले ते बिकानेरच्या अल्लाह जिलाई बाई (१९०२–१९९२) यांनी. महाराजा गंगासिंहांच्या दरबारी त्या गात. संस्थाने गेली, दरबार सरले. बाई मग आकाशवाणीवर गाऊ लागल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

राजस्थानच्या पर्यटन खात्याने तर गीतातील निमंत्रणच घोषवाक्य म्हणून उचलले. २०१६ साली ते बदलले, पण थोड्याच वर्षांत परत आणावे लागले.

मराठी घरांत ही चाल विशेष रुळली ती ‘लेकिन’मुळे. हृदयनाथ मंगेशकरांनी मांडाच्या वळणावर बांधलेले ‘केसरिया बालमा’ लताबाईंनी गायिले. त्या चित्रपटाच्या संगीतासाठी हृदयनाथांना १९९० सालचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. शब्द तेथे निराळे आहेत. वाट पाहणे मात्र तेच.