दार उघडले कुणी?

दारात उभा असलेला माणूस नीटनेटक्या कपड्यांतला, हसतमुख आणि बोलायला मृदू. मागणीही किरकोळ. मोबाइलची बॅटरी उतरली आहे, थोडा वेळ चार्जिंगला लावू द्याल का? सकाळीच ज्याच्याबरोबर ढाब्यावर दोन शब्द बोललो, अशा माणसाला कुठली गृहिणी ‘नाही’ म्हणेल? ‘शैतान’ या हिंदी चित्रपटातला सगळा अनर्थ एवढ्याशा सौजन्यातून सुरू होतो. विकास बहल यांचा हा चित्रपट ८ मार्च २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्या दिवशी महिलादिन होता आणि महाशिवरात्रीची सुटीही. त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलाबाळांसह, आजी-आजोबांसह आलेल्या कुटुंबांनी चित्रपटगृहे भरली होती.

मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत उभी राहिलेली हीच कुटुंबे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होती. अहो, हा बाप काही करत का नाही?

कथा अगदी थोडक्यात अशी. डेहराडूनचे एक सुखवस्तू कुटुंब सुटीसाठी आपल्या फार्महाऊसवर निघते. वडील कबीर (अजय देवगण), आई ज्योती (ज्योतिका), वयात आलेली जान्हवी आणि धाकटा ध्रुव. वाटेत ढाब्यावर वनराज नावाच्या गृहस्थाशी ओळख होते. तो जान्हवीला एक लाडू देतो. ती खाते. त्या क्षणापासून मुलगी आईवडिलांची राहत नाही. वनराज हस म्हणाला की ती हसत सुटते, नाच म्हणाला की पाय थकले तरी नाचतच राहते, भावाला मार म्हणाला की मारते. मग हाच वनराज चार्जरच्या निमित्ताने फार्महाऊसच्या दिवाणखान्यात येऊन बसतो आणि उठायचे नाव घेत नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

बरे, त्याला दागिने नको आहेत, पैसा नको आहे. दरोडेखोर असता तर कपाटाच्या किल्ल्या देऊन सुटका तरी झाली असती. त्याला हवी आहे ती मुलगी, आणि तीही आईवडिलांच्या संमतीने. ‘घेऊन जा’ असे त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावे, एवढ्यासाठी तो रात्रभर त्यांच्या डोळ्यांदेखत तिचे हाल करतो. मुलींचे आईवडील या चित्रपटाने सर्वांत जास्त अस्वस्थ झाले ते इथे. रक्त आणि आरडाओरडा हिंदी पडद्याला नवा नाही. पण वयात आलेल्या मुलीला परका पुरुष हुकूम सोडतो आहे, ती निमूटपणे पाळते आहे आणि जन्मदाते हात जोडून उभे आहेत, हे दृश्य पाहताना खुर्चीत चुळबुळ झाली नाही असा पालक विरळा.

त्यात वनराज झाला आहे माधवन. २००१ साली ‘रहना है तेरे दिल में’ पाहून ज्या कॉलेजकन्यकांनी त्याचे फोटो वह्यांत जपले, त्या आता चाळिशीच्या आहेत आणि त्यांच्याच मुली जान्हवीच्या वयाच्या. तेच हसू, तोच गोड आवाज आणि त्यामागे हे. निर्मात्यांनी हा धक्का हेतुपुरस्सर दिला असेल तर त्यांच्या हुशारीला दाद द्यायला हवी. वनराजच्या जागी कुणी लालबुंद डोळ्यांचा, जटाधारी मांत्रिक असता तर त्याला कुणी उंबरठाही ओलांडू दिला नसता.

ही गोष्ट मुळात गुजराती आहे. कृष्णदेव याज्ञिक यांचा ‘वश’ फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. त्यात आईवडील हितू कनोडिया आणि नीलम पांचाल, तर आगंतुक हितेन कुमार. मुलीचे काम तिथे जानकी बोडीवाला या तरुण अभिनेत्रीने केले होते. हिंदीत बाकी सगळे चेहरे बदलले, पण मुलगी बदलणे कुणाला जमले नाही. जान्हवीदेखील जानकीच आहे. असे शारीरिक आणि मानसिक हाल दाखवणारे काम वर्षभराच्या अंतराने दोनदा करायचे, ही सोपी गोष्ट नव्हे.

आवाजाची कैद

आता त्या प्रश्नाकडे वळू. बाप काही करत का नाही? अजय देवगणसारखा नट समोर असताना त्याने दोन ठोसे लगावावेत, ही अपेक्षा स्वाभाविकच. चित्रपटात उत्तर दिलेले आहे. वनराजला कुणी बोट लावले तर मुलगी स्वतःचा जीव घेईल, असा त्याचा हुकूम आहे. म्हणजे पिस्तूल रोखलेले आहे, फक्त ते मुलीच्याच हातात दिलेले आहे. तरीही अनेकांना हे पटले नाही. शिकले-सवरलेले लोक इतके असहाय होतात का, अशी तक्रार राहिलीच. हे सगळे जादूटोण्यावर ढकलून लेखकाने स्वतःची सोय करून घेतली, असेही म्हटले गेले.

जादूटोण्याचा आक्षेप रास्त आहे, कारण लाडू खाऊन कुणी कुणाच्या कह्यात जात नाही. पण असहायतेचे काय? दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादमध्ये राहणाऱ्यांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. हा चित्रपट आला त्याच सुमारास या शहरांतून ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या एकामागून एक येत होत्या. फोन वाजतो. पलीकडचा माणूस आपण पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचे सांगतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे. व्हिडिओ चालू ठेवा, खोलीबाहेर जाऊ नका, घरात कुणाला सांगू नका. आणि निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापिका अशी माणसे तासन्‌तास, कधी कधी दिवसचे दिवस, स्वतःच्याच घरात त्या आवाजाच्या आज्ञेत बसून राहतात आणि आयुष्यभराची पुंजी दुसऱ्याच्या खात्यात भरतात. हा प्रकार इतका वाढला की २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावे लागले, की अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही. (सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तो फोनजवळ लिहून ठेवलेला बरा.)

या माणसांना कुणी लाडू दिला नव्हता. त्यांच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार होता, नोंदवही होती, कॅमेरे होते. फोन करणारा यातल्या कशालाच सामोरा गेला नाही. पोलिसांचा धाक, चारचौघांत अब्रू जाण्याची भीती आणि अधिकाराच्या सुरात बोलणाऱ्यापुढे मान तुकवायची लहानपणापासूनची सवय, एवढे भांडवल त्याला पुरले. फसलेल्या माणसाला नंतर घरचेच विचारतात, ‘फोन ठेवून का दिला नाही?’ चित्रपटगृहातला प्रश्न यापेक्षा फार वेगळा नव्हता.

दिल्लीकरांना अशा वेळी आणखी एक घर आठवते. १ जुलै २०१८ रोजी उत्तर दिल्लीतल्या बुराडीत एकाच कुटुंबातल्या अकरा जणांचे मृतदेह सापडले. आजीपासून शाळकरी नातवंडांपर्यंत. घरात बाहेरून कुणी शिरल्याचा पुरावा नव्हता. सापडल्या त्या वह्या. अकरा वर्षांत लिहिलेल्या त्या वह्यांत घरातल्या प्रत्येकाने कसे वागावे याच्या सूचना होत्या. वारलेले वडील आपल्या तोंडून बोलतात, असे धाकटा मुलगा सांगे आणि सारे घर ते ऐके. हा मरण्याचा बेत नव्हता, विधी करताना घडलेला अपघात होता, असा निष्कर्ष तज्ज्ञांच्या मानसिक तपासणीत निघाला. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हे कुटुंब म्हणजे आदर्श. मुले अभ्यासू, सुना मिळून-मिसळून राहणाऱ्या, कुणी उलट बोलणारे नाही.

‘कुणी उलट बोलणारे नाही’ हे आपल्याकडे घराचे भूषण मानले जाते. जान्हवीचेही आधी तसेच कौतुक झाले असते.

आणि वशीकरण म्हणजे काही सिनेमावाल्यांच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. दिल्लीतल्या भिंती, विजेचे खांब आणि बसच्या खिडक्या ‘बाबां’च्या जाहिरातींनी भरलेल्या असतात. नवरा मुठीत ठेवा, सवतीचा काटा काढा, रुसलेली प्रेयसी चोवीस तासांत परत आणा. गिऱ्हाईक नसते तर एवढा कागद कुणी छापला असता का? महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अठरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आला. गुजरातने तसा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये केला. ‘शैतान’च्या निर्मात्यांनी काळ्या जादूचे समर्थन करीत नसल्याची सूचना चित्रपटाला जोडली आहे खरी. पण उत्तरार्धात गुहा, अग्नी, ओळीने उभ्या केलेल्या मुली आणि कानठळ्या बसवणारे संगीत यांचा जो बाजार मांडला आहे, त्यापुढे दोन ओळींची सूचना कुणाच्या लक्षात राहणार? पूर्वार्धात चार भिंतींत, जवळजवळ कुजबुजत निर्माण केलेली भीती इथे पातळ होते. चित्रपट आवडलेल्या प्रेक्षकांचीही हीच तक्रार होती आणि ती खोटी नाही.

शेवट कुणासाठी बदलला?

ज्यांनी दोन्ही चित्रपट पाहिले त्यांचा वाद रंगला तो शेवटावर. हिंदीत बाप सुडाने का होईना, हिशेब चुकता करतो आणि मुलगी शुद्धीवर येऊन आईच्या कुशीत जाते. गुजरातीत हा दिलासा नाही. वनराजच्या जागी असलेला प्रताप पकडला जातो, पण मुलगी पूर्णपणे परत येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘वश लेव्हल २’ची कथा बारा वर्षांनंतर याच न सुटलेल्या गाठीपासून सुरू होते. मूळ शेवट अधिक खरा, असे एका बाजूचे म्हणणे. तिकीट काढून मुलाबाळांसह आलेल्या माणसाला रडवून घरी पाठवायचे का, असे दुसऱ्या बाजूचे. तिजोरीने कौल दुसऱ्या बाजूला दिला. ‘शैतान’ने जगभरात दोनशे कोटींहून अधिक गल्ला जमवला.

परदेशात अशाच कथेचे नेमके उलटे झाले होते. ऑस्ट्रियाचे दिग्दर्शक मिखाएल हानेके यांनी १९९७ मध्ये ‘फनी गेम्स’ काढला. सुटीच्या घरी आलेले कुटुंब, दारात दोन सभ्य तरुण आणि मागणी चार्जरऐवजी अंड्यांची. पुढे तोच छळ. दहा वर्षांनी हानेके यांनी स्वतःच तो इंग्रजीत पुन्हा काढला आणि प्रसंगामागून प्रसंग जसाच्या तसा ठेवला. त्यात एक जागा अशी आहे, की पत्नी बंदूक हिसकावून एका तरुणाला गोळी घालते. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात, तोच दुसरा तरुण टीव्हीचा रिमोट उचलतो, घडलेला प्रसंग मागे नेतो आणि या खेपेला बंदूक तिच्या हाती लागू देत नाही. त्यावर प्रेक्षक भयंकर चिडले, आणि दिग्दर्शकाला तेच हवे होते. दुसऱ्याच्या घरातला छळ पाहायला आलात ना, मग सुटकेची अपेक्षा का करता, असा त्याचा सवाल. आपल्याकडे असा सवाल विचारणारा निर्माता दुसऱ्या आठवड्यात चित्रपटगृह शोधत फिरला असता!

पण मुलांना हा चित्रपट दाखवावा का, हा प्रश्न चित्रपटगृहाच्या दारात कुणी विचारलाच नाही. ‘शैतान’ला ‘यू/ए’ प्रमाणपत्र मिळाले होते. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, एवढाच तेव्हा त्याचा अर्थ होता. म्हणजे आईवडील सोबत असले की सहा वर्षांचा मुलगाही आत. योगायोग असा की चित्रपट लागल्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १५ मार्च २०२४ रोजी, केंद्र सरकारने प्रमाणपत्रांचे नवे नियम जाहीर केले. त्यांत ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले. एक आठवडा आधी ही सोय असती तर महाशिवरात्रीच्या त्या गर्दीतल्या काही पालकांनी तिकिटे काढण्यापूर्वी निदान पाटी वाचली असती.

४ मे २०२४ पासून तो नेटफ्लिक्सवर आला आणि पाटी वाचणारा द्वारपालही उरला नाही. २०२१ च्या सरकारी नियमांनुसार तेरा वर्षांवरील गटाच्या चित्रपटांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावीच लागते. कुलपाचा आकडा आईवडिलांनी ठरवायचा असतो. बहुतेक घरांत मात्र टीव्हीची ही सगळी जुळवाजुळव मुलांनीच करून दिलेली असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते २०२३ च्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले. ‘वश’ सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपट ठरला आणि सहायक अभिनेत्रीच्या पुरस्कारात जानकी बोडीवालाचे नाव होते. हा पुरस्कार तिला मिळाला तो मूळ गुजरातीतल्या, शेवटी पुरती घरी न परतलेल्या मुलीच्या भूमिकेसाठी.